स्वयंचलित मेट्रो आणि तिची वीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरी विद्युत रेल्वेबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, सोप्यापासून अवघडाकडे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हिशेबासाठी सगळीकडे एकच गाडी धरली आहे: प्रवाशांसकट वजन २०० टन, मार्ग सपाट, वेग ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. या वेगाला तिच्यात ४० मेगाज्यूल, म्हणजे साधारण ११ युनिट गतिज ऊर्जा असते. हा ११ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे बऱ्याचदा लागेल.

१. एटीसी, एटीपी, एटीओ, एटीएस, सीबीटीसी यांत फरक काय?

एटीसी म्हणजे स्वयंचलित गाडी नियंत्रण, हे सगळ्या व्यवस्थेचं एकत्रित नाव. तिच्या पोटात तीन कामं येतात. एटीपी संरक्षण करतं: गाडीला कुठपर्यंत आणि किती वेगाने जायची मुभा आहे हे ठरवतं आणि मर्यादा ओलांडली की आपत्कालीन ब्रेक लावतं. एटीओ गाडी चालवतं: वेग वाढवणं, राखणं, सोडणं, फलाटाशी नेमकं थांबवणं. एटीएस पूर्ण मार्गावर नजर ठेवतं: कोणती गाडी वेळेवर आहे, कोणती मागे पडली, कोणाला थोडं थांबवायचं. सीबीटीसी ही एटीसी उभी करण्याची एक पद्धत आहे. तीत गाडी आणि मार्गालगतचे संगणक रेडिओवरून सतत एकमेकांशी बोलत असतात.

विजेची बचत एटीओ आणि एटीएस या दोघांच्या हातात असते. एटीपीला विजेशी देणंघेणं नसतं आणि नसायलाच हवं. त्याचं काम फक्त सुरक्षेचं, म्हणून त्याचे संगणक सर्वोच्च सुरक्षा पातळीचे असतात: दोन किंवा तीन संगणक तोच हिशेब स्वतंत्रपणे करतात आणि किमान दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर गाडी थांबते. एटीओ चुकलं तर एटीपी त्याला आवरतं. एटीपीला आवरायचा अधिकार मात्र एटीओला कधीच नसतो.

२. गाडी आपोआप चालते म्हणजे तिच्यात चालक नसतो का?

ते स्वयंचलनाच्या दर्जावर अवलंबून आहे. पहिल्या दर्जात माणूस चालवतो आणि एटीपी फक्त राखण करतं. दुसऱ्यात गाडी एटीओ चालवतं, पण दरवाजे आणि ‘निघू द्या’चं बटण चालकाकडे असतं. तिसऱ्यात चालकाच्या केबिनमध्ये कोणी नसतं, मात्र गाडीत एक कर्मचारी असतो. चौथ्यात गाडीत कर्मचारी असण्याची गरजच नाही.

लंडनची व्हिक्टोरिया लाइन १९६८ मध्ये सुरू झाली ती दुसऱ्या दर्जाची होती. चालक दरवाजे लावून दोन बटणं एकाच वेळी दाबायचा आणि पुढच्या स्टेशनापर्यंत गाडी स्वतः जायची. चालकाविना प्रवासी सेवा जपानमध्ये कोबे शहरात १९८१ ला आणि फ्रान्समध्ये लील शहरात १९८३ ला सुरू झाली. त्यामुळे हे तंत्रज्ञान नवं आणि अनोळखी आहे ही समजूत बरोबर नाही.

३. बोगद्यात जीपीएस चालत नाही. मग गाडीला आपण कुठे आहोत हे कसं कळतं?

चाकांच्या फेऱ्या मोजून. पण चाक झिजतं, त्याचा व्यास कमी होतो, ते कधी जागेवर फिरतं तर कधी न फिरता घसरतं. म्हणून रुळांमध्ये ठरावीक ठिकाणी टॅग बसवलेले असतात. टॅगवरून जाताना गाडीला आपली अचूक जागा मिळते आणि आधीची चूक पुसली जाते. दोन टॅगमधलं अंतर माहीत असल्यामुळे चाकाचा सध्याचा व्यासही काढता येतो. जोडीला रडार किंवा प्रवेगमापक असतात.

दोन टॅगमध्ये जी चूक साचू शकते ती गाडीच्या दोन्ही टोकांना जोडून गाडी आहे त्यापेक्षा लांब धरली जाते. नियंत्रण व्यवस्थेच्या हिशेबात प्रत्येक गाडी अशी जरा ‘फुगलेली’ असते.

४. दोन गाड्यांत कमीत कमी किती अंतर ठेवतात?

जुन्या पद्धतीत मार्गाचे ठरावीक तुकडे असतात आणि एका तुकड्यात एकच गाडी. तुकडा ४०० मीटरचा असेल आणि गाडीची शेपटी त्यात पाचच मीटर उरली असेल, तरी पूर्ण ४०० मीटर अडलेले धरतात. सीबीटीसीमध्ये अडलेली जागा गाडीबरोबर सरकते. मागच्या गाडीला पुढच्या गाडीच्या शेपटीच्या थोडं अलीकडेपर्यंत जायची परवानगी मिळते.

तरीही पुढची गाडी वेगात आहे म्हणून सूट मिळत नाही. ती त्याच क्षणी भिंतीसारखी थिजली असं धरूनच हिशेब होतो. त्यात संगणकाचा प्रतिसादवेळ, जागेची अनिश्चितता (प्रश्न ३), उतार आणि ब्रेकची किमान हमी असलेली ताकद हे सगळं सगळ्यात वाईट शक्यतेने धरतात.

५. ब्रेक लावताना वीज तयार होते म्हणतात. ती जाते कुठे?

ब्रेक लावताना मोटारच जनित्र होते. आपली २०० टनांची गाडी सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी करत थांबायला २० सेकंद घेते आणि पहिल्या क्षणी तिची ब्रेकशक्ती ४ मेगावॉट असते. म्हणजे तिच्यातली ११ युनिटं वीस सेकंदांत बाहेर पडतात. अडचण नेमकी इथेच आहे: ही वीज त्या वीस सेकंदांतच कोणीतरी घ्यायला हवी.

७५० किंवा १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहाच्या मार्गावर सबस्टेशनात सहसा डायोडचे रेक्टिफायर, म्हणजे ग्रिडची वीज एकदिश करणारी उपकरणं, असतात. त्यांतून वीज ग्रिडकडून मार्गाकडे येते, उलटी जाऊ शकत नाही. म्हणून ती घ्यायला जवळपास वेग घेणारी दुसरी गाडी लागते. ती नसली तर तारेवरचा किंवा थर्ड रेलवरचा (रुळांशेजारच्या वीजवाहक पट्टीवरचा) व्होल्टेज चढत जातो. युरोपीय मानकानुसार ७५० व्होल्टच्या मार्गावर कायम चालू शकणारी कमाल मर्यादा ९०० व्होल्ट आहे आणि १५०० साठी १८०० व्होल्ट. मर्यादा जवळ आली की गाडी वीज परत पाठवणं कमी करते आणि उरलेली ऊर्जा छतावरच्या किंवा डब्याखालच्या रोधकांत, नाहीतर ब्रेकच्या पॅडमध्ये, उष्णता होऊन जाते. बोगद्यात ही उष्णता बाहेर काढायला पंखे चालवावे लागतात, म्हणजे त्याच विजेसाठी दुसऱ्यांदा खर्च.

२५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मार्गावर ही अडचण बरीच कमी आहे. ट्रान्सफॉर्मरमधून वीज दोन्ही दिशांना जाते, त्यामुळे मार्गावर घेणारं कोणी नसलं तरी ती ग्रिडमध्ये परतते. दिल्ली मेट्रोची गाड्यांच्या अशा ब्रेकिंगची योजना २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत, म्हणजे कार्बन उत्सर्जन घटवणाऱ्या प्रकल्पांना श्रेय देणाऱ्या व्यवस्थेत, नोंदली गेली. त्या यंत्रणेतला तो पहिला रेल्वे प्रकल्प होता.

६. मग एकदिश प्रवाहाच्या मार्गावर बॅटरी का बसवत नाहीत?

बसवतात, पण साधी बॅटरी या कामाला फारशी सोयीची नाही. हवी असते ती थोडी ऊर्जा फार वेगाने घेणारी आणि दिवसात शेकडो वेळा भरून रिकामी होणारी वस्तू. त्यामुळे सुपरकपॅसिटर आणि फिरती जड चाकं, म्हणजे फ्लायव्हील, इथे जास्त शोभतात. तिसरा मार्ग म्हणजे सबस्टेशनात इन्व्हर्टर बसवून ग्रिडकडे जाणारी वाट उघडणं.

माझं मत स्पष्ट आहे: यातलं काहीही विकत घेण्याआधी वेळापत्रकाकडे बघावं (प्रश्न ११). दाट वाहतुकीच्या वेळी जवळच दुसरी गाडी सापडतेच. साठवण खरी उपयोगी पडते ती पहाटे आणि रात्री उशिरा, गाड्या विरळ असताना. तेव्हा परत मिळणारी एकूण वीजही कमी असते, म्हणून खर्च भरून निघतो का हे प्रत्येक मार्गावर वेगळं मोजावं लागतं.

७. दोन स्टेशनांच्या मध्येच मोटारीचा आवाज बंद होतो आणि गाडी नुसती घरंगळते. बिघाड असतो का?

नाही, याला कोस्टिंग म्हणतात आणि विजेच्या बचतीतला हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी घर्षणाने चालतं, त्यामुळे मोटार बंद केली तरी वेग सावकाश उतरतो.

आकड्यांत पाहू. आपल्या गाडीचा वेग मोटार बंद असताना सेकंदाला ०.०४ मीटर प्रति सेकंद या दराने उतरतो असं धरा. ब्रेक लावायच्या आधी ३० सेकंद कोस्टिंग केलं तर वेग ताशी ७२ वरून सुमारे ६८ किलोमीटरवर येतो. तेवढंच अंतर वेग राखत कापलं असतं तर सुमारे सव्वा युनिट वीज जास्त लागली असती. आणि वेळ? कोस्टिंगमुळे जेमतेम एक सेकंद जास्त लागतो. एका सेकंदाच्या बदल्यात सव्वा युनिट, तेही प्रत्येक गाडीला, दोन-दोन स्टेशनांमध्ये, दिवसभर. हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा उत्तर दोनदा तपासून पाहिलं होतं.

८. संगणक माणसापेक्षा कमी विजेत गाडी चालवतो का?

तसं सांगितलं तर. ठरलेल्या वेळेत कमीत कमी ऊर्जेत पोचायचं असेल, तर सपाट मार्गावर क्रम कसा असावा हे गणिताने सिद्ध झालेलं आहे: पूर्ण जोराने वेग घ्या, गरज असेल तर तो राखा, मग कोस्टिंग, शेवटी ब्रेक. राखण्याचा वेग कोणता आणि कोस्टिंग कुठून, एवढंच शोधायचं उरतं. मार्ग पाठ असलेला अनुभवी चालक हे अंगवळणी पडल्यासारखं करतो. संगणकाचं बलस्थान म्हणजे तो दर वेळी तेच करतो, थकत नाही, शेवटच्या फेरीलाही नाही.

पण ‘कमाल वेग गाठा, मर्यादेला चिकटून राहा, शेवटच्या क्षणी ब्रेक लावा’ एवढंच ज्याला शिकवलं आहे असं एटीओ चांगल्या चालकापेक्षा जास्त वीज खातं. घडीला मोटार, घडीला ब्रेक असं करत वेग राखणारं एटीओ तर प्रवाशांनाही हिसके देतं. जपानमधल्या सेंदाई शहराच्या भुयारी रेल्वेत १९८७ मध्ये फझी तर्कावर (निव्वळ हो-नाहीऐवजी ‘थोडं’, ‘बरंच’ असं तोलणाऱ्या तर्कावर) चालणारं नियंत्रण आलं ते याच कारणासाठी. अचूक थांबणं, आराम आणि वीज या तिन्हींचा तोल अनुभवी चालकासारखा साधणं हा त्यामागचा उद्देश होता.

९. मग सगळ्या गाड्या अजून हळू चालवल्या तर अजून बचत होईल ना?

काही मर्यादेपर्यंत होईल. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते, त्यामुळे वेग १० टक्के कमी केला तर ती १९ टक्के कमी होते. सुरुवातीचे सेकंद फार मोलाचे असतात, पुढचे सेकंद कमी कमी देतात.

दुसऱ्या बाजूला एअर कंडिशनर, दिवे, पंखे, कॉम्प्रेसर घड्याळावर वीज खातात, अंतरावर नाही. गाडीचा हा भार १८० किलोवॉट धरला तर मिनिटाला ३ युनिट जातात. गाडी जितकी रेंगाळेल तितका हा खर्च वाढतो. त्याहून मोठी गोष्ट गाड्यांच्या संख्येची आहे: दर २ मिनिटांनी गाडी सोडायची असेल आणि पूर्ण फेरीचा वेळ २ मिनिटांनी वाढला, तर तीच सेवा द्यायला एक जादा गाडी लागते. म्हणून गर्दीच्या वेळी वेगवान आणि इतर वेळी सैल, अशी दोन-तीन वेगवेगळी धावपत्रकं एटीएसमध्ये ठेवतात.

१०. मी दरवाजा अडवून धरला तर फार तर पाच-दहा सेकंद जातात. त्याने काय बिघडतं?

प्रश्न ७ मधला एक सेकंद आठवा. कोस्टिंगसाठी वेळापत्रकात राखून ठेवलेले सेकंद फलाटावर खर्च झाले की एटीएस त्या गाडीला वेगवान धाव देतं: कोस्टिंग कमी, मोटार जास्त. दहा सेकंद भरून काढायला पुढच्या अनेक स्टेशनांमधली बचत जाते. तोवर मागची गाडी जवळ आलेली असते, मग तिलाही वेग कमी-जास्त करावा लागतो.

विजेची बचत बोगद्यात होते असं वाटतं. प्रत्यक्षात तिचा बराचसा निर्णय फलाटावर झालेला असतो. रुंद दरवाजे, फलाट आणि डबा यांची सारखी पातळी, गर्दी पांगवणारे जिने, वेळेवर होणारी घोषणा ही सगळी माझ्या मते वीज वाचवण्याचीच साधनं आहेत. ऊर्जेच्या अहवालांत ती क्वचितच दिसतात याचं मला वाईट वाटतं.

११. एक गाडी ब्रेक लावताना दुसरी निघेल असं वेळापत्रक करता येतं का?

येतं, पण वीस सेकंदांच्या खिडकीत (प्रश्न ५) दोन गाड्यांची गाठ घालायची आहे. समोरासमोरच्या फलाटांवर, एकाच सबस्टेशनाच्या टप्प्यात हे सगळ्यात सोपं. गाड्या लांब असतील तर मधल्या तारेतच बरीच ऊर्जा जिरते आणि व्होल्टेजचा फरकही आड येतो. कागदावरचं जुळवलेलं वेळापत्रक काही सेकंदांच्या उशिराने विस्कटतं. म्हणून आता एटीएस त्या क्षणी निर्णय घेतं: समोरून गाडी येते आहे, तर ही गाडी तीन सेकंद उशिरा सोडा.

यात एक उलट बाजूही आहे. एका सबस्टेशनावर सगळ्या गाड्या एकदम निघाल्या तर मागणीचा कळस चढतो. वीजबिलात बऱ्याच ठिकाणी एकूण युनिटांबरोबरच कमाल मागणीचेही पैसे लागतात. ही कमाल मागणी साधारण १५ किंवा ३० मिनिटांच्या सरासरीवर मोजतात, त्यामुळे दोन-पाच सेकंदांच्या टोकाने बिल लगेच वाढत नाही. टोकं उपकरणांना त्रास देतात, सरासरी बिलाला. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बैठकांमध्ये ते हमखास एकत्र केले जातात.

१२. वीज जाऊन परत आल्यावरही गाड्या एकेक करून का सोडतात?

वरच्या उत्तरातलं टोकच त्याचं कारण. दहा गाड्या एकदम निघाल्या आणि प्रत्येकीने ४ मेगावॉट मागितले तर मागणी ४० मेगावॉट होते. त्याच वेळी सगळ्यांचे एअर कंडिशनरही एकत्र सुरू होतात. सबस्टेशनाचे सर्किट ब्रेकर पुन्हा पडतील, म्हणजे वीज परत तुटेल. म्हणून एटीएस गाड्यांना क्रम लावतं आणि प्रत्येकीची शक्ती तात्पुरती मर्यादित ठेवतं. पुढचं स्टेशन भरलेलं असेल तर गाडी बोगद्यात पाठवून थांबवण्यापेक्षा ती आधीच्या फलाटावर रोखणं केव्हाही बरं: प्रवासी उतरू शकतात आणि मध्येच थांबून पुन्हा वेग घ्यायची वीजही वाचते.

१३. काही स्टेशनं मुद्दाम उंचवट्यावर का बांधतात?

गाडी स्टेशनात येताना चढते आणि आपोआप मंदावते, निघताना उतरते आणि आपोआप वेग घेते. लंडनची सेंट्रल लाइन १९०० साली सुरू झाली तेव्हाच स्टेशनात येताना ६० ला १ चा चढ आणि निघताना ३० ला १ चा उतार ठेवला होता. तीन मीटरचा उंचवटा आपल्या गाडीतली साधारण १.६ युनिट ऊर्जा उंचीच्या रूपात ठेवून घेतो, म्हणजे ११ पैकी सातवा हिस्सा, आणि निघताना परत करतो. ना संगणक, ना मोटार, ना देखभाल. मार्ग बांधताना हे केलं नाही तर नंतर करता येत नाही, म्हणून आराखड्याच्या टप्प्यावरच त्याचा आग्रह धरावा.

१४. पावसात उघड्या मार्गावर गाडी हळू का थांबते?

ओल्या रुळावर पकड कमी असते आणि जोरात ब्रेक लावला तर चाकं घसरतात. घसरलं की दोन नुकसानं: गाडीचा अंतराचा हिशेब बिघडतो (प्रश्न ३) आणि घसरणाऱ्या डब्याचा विद्युत ब्रेक सोडावा लागतो, म्हणजे परत मिळणारी वीजही जाते. त्यामुळे अशा वेळी एटीओला सौम्य ब्रेक लावायला सांगतात. थांबायला जास्त वेळ लागतो, पण ब्रेकचं जास्तीत जास्त काम मोटारीच करतात.

१५. रेडिओ संपर्क तुटला तर?

गाडी थांबते. काही सेकंद संदेश आला नाही की पुढे जायची मुभा संपते आणि नियंत्रण केंद्र त्या गाडीची जागा अडलेलीच धरून ठेवतं. मग चालक किंवा कर्मचारी साधारण ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत, डोळ्यांनी बघत, ती पुढे नेतो. २०१२ मध्ये चीनमधल्या शेंचेनच्या मेट्रोत प्रवाशांच्या खिशातल्या वाय-फाय राउटरच्या लहरींनी रेडिओ संदेशात अडथळा आला आणि गाड्या थांबल्या. गैरसोय झाली, पण व्यवस्था सुरक्षित बाजूलाच पडली.

१६. ही व्यवस्था कधी धोकादायक बाजूला चुकली आहे का?

हो, आणि ते लपवू नये. २२ जून २००९ रोजी वॉशिंग्टनच्या मेट्रोत फोर्ट टॉटन स्टेशनाजवळ थांबलेली गाडी रुळांतल्या शोधक सर्किटला दिसलीच नाही. सर्किटच्या उपकरणात निर्माण झालेल्या फसव्या लहरीमुळे रूळ रिकामा असल्याचा खोटा संदेश गेला आणि स्वयंचलित पद्धतीने येणारी मागची गाडी तिच्यावर आदळली. ९ माणसं गेली, त्यांत मागच्या गाडीची चालकही होती. माहिती आली नाही तर थांबायचं हे प्रश्न १५ मधलं तत्त्व इथे अपुरं पडलं, कारण माहिती आली होती, पण चुकीची. त्यानंतर तिथल्या गाड्या अनेक वर्षं माणसांनी हाताने चालवल्या.

१७. जुन्या, चालू मार्गावर हे बसवता येतं का?

येतं. पॅरिसची पहिली लाइन १९०० सालची, ती २०११ ते २०१२ या काळात टप्प्याटप्प्याने चालकविरहित झाली आणि काही काळ चालक असलेल्या आणि नसलेल्या गाड्या एकाच मार्गावर धावल्या. अवघड भाग असतो तो हा मधला काळच. सिंगापूरमध्ये नोव्हेंबर २०१७ ला जू कून स्टेशनात टक्कर झाली तेव्हा नवी सिग्नल व्यवस्था जुन्या भागांशी जोडण्याचं काम चालू होतं. उभ्या असलेल्या गाडीभोवतीचं संरक्षक अंतर निघून गेलं आणि सहा डब्यांची गाडी तीन डब्यांची धरली गेली.

१८. एक कंपनी ब्रेकिंगमधून ३० टक्के, दुसरी कोस्टिंगमधून २० टक्के बचत सांगते. दोन्ही घेतलं तर ५० टक्के मिळेल का?

नाही. गृहीत आकड्यांनी पाहा. समजा काहीच उपाय नसताना गाडी १०० युनिट घेते. त्यातले ४० हवा आणि रुळाच्या रोधात जातात आणि ६० ब्रेकपर्यंत पोचतात. त्या ६० पैकी निम्मे परत मिळाले तर निव्वळ खर्च ७० होतो: ३० टक्के बचत, दावा खरा. आता फक्त कोस्टिंग केलं, तर गाडी ८० घेते आणि ब्रेकपर्यंत ४२ च पोचतात: २० टक्के, हाही दावा खरा. दोन्ही एकत्र केले की ८० मधून ४२ चे निम्मे, म्हणजे २१ परत येतात आणि खर्च उरतो ५९. बचत ४१ टक्के.

जी ऊर्जा कोस्टिंगने मुळात घेतलीच नाही ती ब्रेकमधून परत मिळू शकत नाही. म्हणून ज्या मार्गावर ब्रेकची वीज चांगली परतते तिथे कोस्टिंगची किंमत २० वरून ११ युनिटांवर येते. अशा ठिकाणी कधी कधी तेच सेकंद धावेतून काढून फलाटावर देणं जास्त शहाणपणाचं ठरतं. बचतीचा कोणताही आकडा ऐकला की तीन गोष्टी विचारा: तुलना कशाशी केली, मोजणी गाडीवर झाली की सबस्टेशनाच्या मीटरवर, आणि त्या काळात गाड्या वेळेवर होत्या का. गाडीच्या मीटरवर ‘परत पाठवली’ म्हणून दिसणारी वीज वाटेत तारेत जिरलेलीही असू शकते. सबस्टेशनाच्या मीटरवर आकडा खाली आला तरच ती बचत धरा.